कैसराचं कैसराला, मग गोवा कुणाचा?

जुन्या गोव्यात असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च आहे. त्याच्या पश्चिमेला थोडं चालून गेलं की संत कॅथरीनचं एक लहानसं जांभ्या दगडाचं चॅपेल लागतं. पर्यटकांची पावलं तिकडे फारशी वळत नाहीत. बॉम जेझूची बासिलिका पाहिली, गोंयच्या सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं, दर्शन झालं की बस परत फिरते. या चॅपेलच्या भिंतीत एक कोरीव दगड बसवलेला आहे. मजकूर पोर्तुगीज, आशय असा: याच जागी तो दरवाजा होता, ज्यातून गव्हर्नर अफोन्सो द आल्बुकर्क आत शिरला आणि १५१० साली संत कॅथरीनच्या दिवशी त्याने हे शहर मुसलमानांकडून जिंकून घेतलं, त्याची आठवण म्हणून गव्हर्नर जॉर्ज काब्राल याने १५५० मध्ये ही वास्तू बांधवली.

म्हणजे प्रार्थनेच्या जागेच्या भिंतीतच लढाईची पावती. संत कॅथरीनचा दिवस म्हणजे २५ नोव्हेंबर. कोरणाऱ्याने नुसती तारीख घातली असती तरी चाललं असतं, पण विजयावर संतिणीचं नाव उठवल्यावर मग तो विजय कसा मिळाला हे कुणी विचारत नाही.

दगडावर नाही ते इतिहासात आहे. आदिलशाहीचं हे शहर आल्बुकर्कने त्याच वर्षाच्या सुरुवातीला एकदा घेतलं होतं, मे महिन्यात ते हातचं गेलं, नोव्हेंबरात तिमय्या नावाच्या हिंदू आरमारी सरदाराच्या मदतीने त्याने ते परत घेतलं. पुढच्या काही दिवसांत शहरातल्या मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली, आणि तिची हकिकत डिसेंबरात राजा मानुएलला लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःच कळवली. मृतांचा त्याने दिलेला आकडा सहा हजारांच्या घरातला आहे. तो ते लपवत नव्हता. लपवायचं कारणही त्याला वाटलं नसणार, कारण १४५५ साली पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला मुसलमान आणि मूर्तिपूजकांचे प्रदेश जिंकायची, त्यांना गुलाम करायचीसुद्धा, लेखी मुभा देऊन ठेवली होती.

इथे थांबून ‘बघा, हे असलं यांचं ख्रिस्तीपण’ म्हणता येतं, आणि पुष्कळ जण तसं म्हणून मोकळे होतात. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. याच ख्रिस्ती परंपरेत, याच इबेरियाच्या, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या, भूमीवर, गोवा पडल्यानंतर २९ वर्षांनी एका डॉमिनिकन संन्याशाने सालामांका विद्यापीठात उभं राहून सांगितलं, की धर्म वेगळा आहे हे युद्धाचं न्याय्य कारण होऊ शकत नाही. राज्य वाढवणं हेही नाही. राजाचा मोठेपणा किंवा फायदा हेही नाही. त्याचं नाव फ्रान्सिस्को द व्हितोरिया. १५३९ ची ही व्याख्यानं होती अमेरिकेतल्या मूलनिवासींवर स्पेनने केलेल्या आक्रमणाबद्दल. गोव्याचा विषय त्यात नव्हता. तरी त्याने आखलेली मोजपट्टी मांडवीच्या काठी नेऊन लावली, तर १५१० एका झटक्यात नापास होतं. बाहेरच्या कुठल्या नीतीने नव्हे, त्यांच्याच शाळेतल्या नीतीने.

हीच मोजपट्टी मग १९६१ ला, म्हणजे भारताने फौजा पाठवून पोर्तुगीजांकडून गोवा घेतला त्या ‘ऑपरेशन विजय’ला, लावायची की नाही? मला वाटतं लावायलाच हवी. ‘ऑपरेशन विजय’ आपलं होतं म्हणून त्याला सूट दिली, तर आल्बुकर्कला नापास करण्याचा अधिकार आपण सोडला असं होतं.

आधी मोजपट्टी नीट समजून घेऊ, कारण ‘न्याय्य युद्ध’ हे शब्द ऐकले की लोकांना तो युद्धाचा परवाना वाटतो. मूळ उलटं आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांच्यासमोर प्रश्न होता, की शत्रूवर प्रेम करा म्हणणाऱ्याच्या अनुयायाने तलवार उचलावी तरी कधी. बोनिफेस नावाच्या रोमन सेनापतीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगितलं, की युद्ध करायचं ते शांततेसाठी आणि नाइलाज म्हणून. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस यांनी याच्या तीन अटी केल्या: युद्ध पुकारणारा अधिकृत सत्ताधारी हवा, कारण न्याय्य हवं, आणि हेतू शुद्ध हवा. बाकीच्या पुढे जोडल्या गेल्या. दुसरे सगळे उपाय थकलेले असावेत. यशाची वाजवी शक्यता असावी. घालवायचं संकट जेवढं, त्याहून मोठं संकट लढाईने उभं राहू नये. आणि लढताना नि:शस्त्र माणसाला हात लावू नये. सगळ्या अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. पाच झाल्या, दोन राहिल्या, सरासरी बरी पडली, असं इथे चालत नाही.

बिघडतं ते वापरताना. पहिली चूक म्हणजे निर्णय आधी घ्यायचा आणि मग यादी समोर ठेवून एकेका अटीपुढे बरोबरची खूण करत जायचं. दुसरी चूक जास्त छुपी असते: अटी फक्त चढाई करणाऱ्याला लावायच्या, बचाव करणाऱ्याला सोडून द्यायचं. गोव्याच्या बाबतीत ही दुसरी चूक फार महागात पडते, तिच्याकडे पुढे येतो.

कारणापासून सुरू करू. १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत भारताचे प्रतिनिधी चंद्रशेखर झा यांनी मांडलेला मुद्दा साधारण असा होता, की आक्रमण १५१० मध्येच झालं, ते तेव्हापासून चालूच आहे, आपण ते फक्त संपवतो आहोत. ऐकायला जोरकस आहे, पण मला हा आपला सगळ्यांत कच्चा मुद्दा वाटतो. साडेचारशे वर्षांपूर्वीची लढाई आजच्या लढाईचं कारण ठरू लागली तर जगातली एकही सीमा रात्री सुखाने झोपणार नाही, आपलीही नाही. १५१० नापास आहे हे खरं, पण त्या निकालावर १९६१ पास होत नाही.

पक्कं कारण जवळचं होतं. पोर्तुगालने १९५१ मध्ये घटनेत दुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. पाटी बदलली, दुकान तेच. सभा घ्यायची तर परवानगी, छापायचं तर सेन्सॉर. डॉ. पुंडलिक गायतोंडे यांना १९५४ च्या फेब्रुवारीत अटक झाली ती एका मेजवानीत. गोवा पोर्तुगालचा भाग आहे असं कुणीतरी म्हणालं, त्यावर त्यांनी ‘माझा निषेध आहे’ एवढंच म्हटलं होतं. त्यांना थेट पोर्तुगालला नेण्यात आलं. १५ ऑगस्ट १९५५ ला सीमेवरून नि:शस्त्र सत्याग्रही आत गेले. महाराष्ट्रातून गेलेले त्यात पुष्कळ होते. पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, वीसहून अधिक माणसं मेली. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पोर्तुगालच्या ताब्यातल्या, स्वराज्य नसलेल्या प्रदेशांची यादी ठरावात घातली, तिच्यात गोव्याचं नाव होतं. लोकांना विचारलं जात नाही, विचारा म्हणणाऱ्याला तुरुंग मिळतो, आणि जगाने ते कागदावर मान्य केलेलं आहे. एवढं कारण पुरेसं होतं, सोळाव्या शतकात जायची गरजच नव्हती.

आता उपाय खरंच थकले होते का. भारताने वाटाघाटींची रीतसर मागणी केली २७ फेब्रुवारी १९५० ला. लिस्बनचं उत्तर: चर्चेचा विषयच नाही. ११ जून १९५३ ला भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली लोकांनीच मोकळी केली. पोर्तुगाल त्यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि एप्रिल १९६० मध्ये निकाल आला, की फौजा आणि शस्त्रं भारताच्या भूमीवरून नेण्याचा हक्क त्याला नाही. दहा-अकरा वर्षांची ही यादी बऱ्याच युद्धांना मिळत नाही. तरी शेवटच्या आठवड्यात अमेरिकेचे राजदूत जॉन केनेथ गालब्रेथ थांबा म्हणून नेहरूंच्या मागे लागले होते, आणि आणखी काही महिन्यांनी लिस्बन नरमलं नसतंच असं शपथेवर कुणालाच सांगता येणार नाही. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा स्वभाव पाहता मी नसतंच म्हणेन.

मधला जो उपाय आपण ‘अहिंसक’ म्हणून विसरून जातो, त्यावर थोडं रेंगाळायला हवं. १९५५ पासून भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. लोंढ्याकडून जाणारी रेल्वे थांबली. मनिऑर्डरी अडल्या. या मनिऑर्डरी पाठवत कोण होतं? मुंबईत धोबीतलावाच्या कुडांत राहणारे खलाशी, आचारी, बँडवाले. कूड म्हणजे गावागावाच्या नावाने चालवलेली गोवेकरांची वसतिगृहं: एका खोलीत ओळीने लावलेल्या पेट्या, पेटीवर बिछान्याची वळकटी, भिंतीशी वेदी, संध्याकाळी सगळ्यांची मिळून जपमाळ. बोटीवरून उतरलेला माणूस पगाराचे पैसे बार्देशात, साष्टीत घरी धाडायचा. नाकेबंदीची झळ आधी त्या घरांना बसली. सालाझारच्या सरकारने काय केलं? बटाटे हॉलंडहून आणले, तांदूळ पाकिस्तानातून, चहा श्रीलंकेतून, सिमेंट जपानहून. खाणींतून लोखंडाची निर्यात जोरात होती, त्यामुळे तिजोरी भरलेली होती. सरकार हललं नाही, माणसं मात्र मधल्या मध्ये अडकली. ‘युद्धाआधी सगळे उपाय करा’ या अटीत असं गृहीत धरलेलं असतं, की ते उपाय लढाईपेक्षा सौम्यच असणार. सहा-सात वर्षं चालणाऱ्या नाकेबंदीला आणि ३६ तासांच्या लढाईला एकाच तराजूत घालून पाहिलं, तर ते गृहीतक डळमळतं.

अधिकाराची अट वरवर सोपी. निवडून आलेलं सरकार, संसदेला जबाबदार. पण १९४५ नंतर या अटीला संयुक्त राष्ट्रांची सनद येऊन चिकटली आहे, आणि सनदेचा शब्द भारताच्या बाजूने नव्हता. सुरक्षा परिषदेत युद्धबंदी आणि माघारीचा ठराव आला. अमेरिकेचे ॲडलाय स्टीव्हन्सन त्यावर तावातावाने बोलले. बाजूने सात मतं, विरोधात चार. सोव्हिएत संघाचा नकाराधिकार नसता तर ठराव मंजूर होता. आपल्याकडे ही मतमोजणी फारशी सांगितली जात नाही. विरोधातली चार मतंही पाहण्यासारखी आहेत: सोव्हिएत संघाखेरीज सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, म्हणजे इजिप्त. ज्यांच्यावर परक्यांचं राज्य होऊन गेलं होतं त्यांना हा प्रश्न वेगळा दिसत होता.

हेतूची अट सगळ्यांत अवघड, कारण हेतू दिसत नाही. सार्वत्रिक निवडणुका फेब्रुवारी १९६२ मध्ये होत्या. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून उभे होते, समोर आचार्य कृपलानी. त्या मतदारसंघात गोवेकर मतदार काही कमी नव्हते. टीकाकारांनी तेव्हाच बोट दाखवलं होतं आणि ते बोट खोटं म्हणता येत नाही. अक्वायनसची अट काटेकोर लावली तर इथे डाग पडतो. डाग आहे म्हणून कापडच फेकून द्यायचं का, हा पुढचा प्रश्न. पण आधी डाग आहे म्हणायला हवं.

प्रत्यक्ष लढाईत मात्र भारतीय बाजू बरीच सावरून वागली. १८ डिसेंबरच्या सकाळी पुण्याहून उडालेली १२ कॅनबेरा विमानं दाबोळीवर आली. मोहिमेच्या हवाई बाजूचे प्रमुख होते एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो, म्हणजे ‘ख्रिस्ती गोव्यावर’ चाललेल्या विमानांची सूत्रं एका ख्रिस्ती अधिकाऱ्याच्या हातात होती. हुकूम असा, की धावपट्टी फोडा, टर्मिनलला हात लावू नका. फलाटावर दोन प्रवासी विमानं उभी होती, त्यांना सोडून देण्यात आलं. त्या रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीचा उरलेला तुकडा कसाबसा साफ केला आणि ती दोन्ही विमानं अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना घेऊन अंधारात कराचीकडे निसटली. बांबोळीचं रेडिओ केंद्र मात्र हंटर विमानांनी उडवलं. दमण घेतलं पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीने. दोडामार्गाकडून उतरलेल्या ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या ५० पॅरा ब्रिगेडमध्येही मराठा पलटण होती. एकूण मृत भारताचे २२, पोर्तुगालचे ३०. साडेचारशे वर्षांची सत्ता आणि पन्नास-बावन्न माणसं. प्रमाणाच्या अटीला याहून बरा आकडा क्वचित मिळतो. अर्थात त्या बावन्न घरांत आकडा असा वाचला गेला नसणार.

आता ती दुसरी चूक. बचाव करणाऱ्यालाही मोजपट्टी लागते. सालाझार तरुणपणी आठ वर्षं व्हिझेऊच्या सेमिनरीत शिकलेला. ऑगस्टीन, अक्वायनस त्याला शिकवावे लागत नव्हते. १४ डिसेंबरला त्याने गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांना तार केली. सारांश असा, की तह नको, कैदी नकोत, आपले सैनिक आणि खलाशी एकतर विजयी असतील नाहीतर मेलेले. निदान आठ दिवस लढा, तोवर जग हलवतो. हातात होतं काय? जेमतेम चार हजार माणसं, एकही लढाऊ विमान नाही, ‘आफोन्सो द आल्बुकर्क’ नावाची एक जुनी युद्धनौका. रणगाडाविरोधी दारूगोळा मागवताना सांकेतिक शब्द ‘शोरिसो’ वापरला म्हणून लिस्बनहून खरोखरचे सॉसेज आले, असं गोव्यात आजही हसत सांगतात. ते खरं असो-नसो, अवस्था तशीच होती. जिथे यशाची शक्यता शून्य आहे तिथे माणसं मरायला लावणं हे या शिकवणीत शौर्य नाही, पाप आहे. आपल्या देशाच्या भूमीचं रक्षण असलं तरी.

व्हासालो इ सिल्वा तार पाळत नाहीत, इथे मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यांत खरा नैतिक प्रसंग दिसतो. त्याआधी ९ डिसेंबरला ‘इंडिया’ नावाचं पोर्तुगीज जहाज मुरगावला लागलं होतं. वरून मनाई असताना त्यांनी सुमारे ७०० नागरिकांना त्यावर चढू दिलं. जहाजाची क्षमता ३८० ची. माणसं संडासांतसुद्धा बसली होती म्हणतात. मग १९ डिसेंबरच्या रात्री साडेआठच्या सुमाराला वास्कोत त्यांनी शरणागतीवर सही केली. पूल उडवले गेले, पण शहरं उभी राहिली. मायदेशी परतल्यावर त्यांना सैन्यातून काढून टाकलं. १९७४ च्या क्रांतीनंतर त्यांचा हुद्दा परत मिळाला, आणि १९८० मध्ये ते गोव्याला येऊनही गेले. देशाशी निष्ठा म्हणजे देशाच्या प्रमुखाची तार, की त्या देशाची जी चार हजार माणसं आपल्या हाती आहेत ती? पौलाच्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन राहा म्हणणारा, सालाझारला नक्की आठवत असणार. व्हितोरियाने त्याच अध्यायाच्या शेजारी एक वाक्य ठेवलं होतं: युद्ध अन्यायाचं आहे अशी ज्याची मनोमन खात्री झाली, त्याने राजाची आज्ञा असली तरी लढू नये. शंका असेल तर राजावर विश्वास ठेवा, खात्री झाली तर नाही.

पकडलेल्यांची संख्या, सैनिक आणि नागरिक मिळून, साडेचार हजारांवर होती. फोंडा, आग्वाद, वास्को इथल्या छावण्यांत ते १९६२ च्या मेपर्यंत अडकून पडले, कारण लिस्बनला त्यांची परतसुद्धा अब्रूचा प्रश्न वाटत होती. फोंड्याच्या छावणीतून काही जणांनी कचऱ्याच्या ट्रकमधून पळायचा प्रयत्न केला. तो फसला, आणि प्रकरण त्यांच्या अधिकाऱ्यांना गोळ्या घालण्याच्या धमकीपर्यंत चढलं. ते निवळवलं फेरेरा द सिल्वा नावाच्या जेझुइट लष्करी पाद्रीने. आपल्या बाजूची आब राखून झाल्यावरही असे काही तास येऊन गेले हे नोंदवायला हवं.

मग गोव्याचे ख्रिस्ती? दहांतले जवळपास चार लोक ख्रिस्ती होते, आणि सालाझारचा सगळा प्रचार त्यांच्या नावाने चालला होता: पूर्वेची रोम, हिंदू भारत गिळू पाहतोय. त्यांतले काही लिस्बनशी खरोखर एकनिष्ठ होते. त्यांना लाचार म्हणणं सोपं आहे, पण तीनचार पिढ्या ज्या भाषेत प्रार्थना आणि परीक्षा दोन्ही झाल्या ती भाषा परकी वाटत नाही. तरी १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती काढली ती त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांनी. १८ जून १९४६ ला मडगावात सविनय कायदेभंगाच्या सभेत राममनोहर लोहियांच्या शेजारी उभे होते डॉ. जुलियांव मिनेझिस. मुंबईत समाजवादी पीटर अल्वारिस. आणि लिबिया लोबो. वामन सरदेसायांबरोबर त्यांनी आंबोलीच्या जंगलात, नंतर कॅसलरॉकला, गुप्त रेडिओ चालवला. पोर्तुगीज आणि कोकणी दोन्ही भाषांत, सहा वर्षं. तो सुरू झाला २५ नोव्हेंबर १९५५ ला, म्हणजे पुन्हा संत कॅथरीनच्याच दिवशी. गोवा मोकळा झाल्यावर दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर ती बातमी गोव्याच्या आभाळातून सांगितली.

रोमची भूमिका मला इथे अपेक्षेहून शहाणी वाटते. जुलै १९५५ मध्ये नेहरू पोप पायस बारावे यांना भेटले, आणि गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, यावर दोघांचं एकमत असल्याचं बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं. सालाझारच्या पायाखालची अर्धी जमीन त्या एका वाक्याने गेली. पुढे डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे मुंबईच्या युखारिस्ट परिषदेला आले. गोव्याला गेले नाहीत, तरी लिस्बनच्या कॅथलिक सरकारने उघड निषेध केला. कॅथलिक देश पोपवर रागावला, का, तर ते भारतात गेले. राष्ट्र आणि धर्म यांत आधी कोण, याचं त्या सरकारचं उत्तर तेव्हा उघड झालं. पण रोमचा कारभार कागदावर सावध राहिला. गोव्याचे पोर्तुगीज पॅट्रिआर्क आल्वेर्नाझ १९६२ मध्ये निघून गेले, तरी त्यांची गादी रिकामी जाहीर झाली नाही. भारत-पोर्तुगाल तह झाला ३१ डिसेंबर १९७४ ला, आणि राजीनामा स्वीकारला गेला १९७५ मध्ये. तेरा वर्षं गोव्याचे अधिकृत धर्मप्रमुख गोव्यात नव्हते, आणि काम बघत होते गोवेकर प्रशासक.

मुंबईचा आणखी एक धागा याच वेळचा आहे. थॉमस रॉबर्ट्स नावाचे इंग्रज जेझुइट १९३७ ते १९५० मुंबईचे आर्चबिशप होते. भारत स्वतंत्र होताना इथल्या गादीवर इंग्रज नको म्हणून ते १९४६ लाच स्वतःहून दूर झाले, कारभार वलेरियन ग्रेशियस यांच्या हाती देऊन. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेत, त्यांनी सैनिकी सेवा नाकारणाऱ्यांच्या सदसद्विवेकाची बाजू धरली, आणि उदाहरण म्हणून घेतला ऑस्ट्रियातला शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर. हिटलरच्या सैन्यात लढणार नाही म्हणून ९ ऑगस्ट १९४३ ला त्याचा शिरच्छेद झाला. त्याआधी त्याच्या बिशपनेच त्याला समजावलं होतं, की युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरवणं तुझं काम नाही, घरी तीन मुली आहेत. व्हितोरियाचं वाक्य एका शेतकऱ्याने पाळलं, बिशपने नाही. १९६५ च्या परिषदेने शेवटी अशा माणसांसाठी कायद्यात जागा असावी असं लिहिलं. रोमने येगरश्टेटरला धन्यघोषित केलं २००७ मध्ये, चौसष्ट वर्षांनी.

लढाईनंतरचा न्याय ही अट जुन्या यादीत धडपणे नव्हती, अलीकडे तिच्यावर जास्त बोललं जातं. १९६१ मध्ये गोवेकरांना काय हवं हे मतपेटीतून कुणीच विचारलं नव्हतं, ना लिस्बनने, ना दिल्लीने. विचारलं गेलं १६ जानेवारी १९६७ ला, आणि प्रश्न महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं एवढाच होता. वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत याचं वाईट वाटलं, अजूनही एखादा जुना माणूस सुस्कारा टाकतो. पण गोवेकरांना विचारा, हा आग्रह दहा वर्षं आपलाच होता.

पणजीच्या आझाद मैदानात १८४७ मध्ये उभारलेला एक मंडप आहे. त्याचे खांब जुन्या गोव्याच्या पडक्या वास्तूंमधून आणलेले. त्याच्याखाली आल्बुकर्कचा पुतळा असायचा. आता तो जुन्या गोव्यात पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात आहे, संत कॅथरीनच्या चॅपेलपासून चार पावलांवर. कुन्हा १९५८ मध्ये मुंबईत वारले. १९८६ मध्ये त्यांचे अवशेष गोव्यात आणले आणि त्याच मैदानात ठेवले.